जुळ्या भावासकट स्थावर-जंगम

मी, सहादेव अंगद निमसे, वय वर्षे सत्त्याहत्तर, धंदा फोटो-फ्रेमचा, राहणार भिंगार, अहिल्यानगर (जुन्या कागदांवर अहमदनगर आहे, गाव एकच, आम्ही आपलं नगर म्हणतो, यावरून कोणी फाटे फोडू नयेत), आज गुरुवारी माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून हे मृत्युपत्र लिहितो आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, काही पाजलेलं नाही, भुलवलेलं नाही. माझी शुद्ध जागेवर आहे. हे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असतं आणि कोणी ते वाचत नाही. माझ्या बाबतीत मात्र सगळं घर त्या एका वाक्यावर उभं आहे, म्हणून पुन्हा लिहितो: माझी शुद्ध जागेवर आहे, आणि जुळा भाऊ होता.

वकीलसाहेबांनी इथेच हात जोडले. म्हणाले, "सहादेवराव, जुळ्या भावाचं तेवढं वगळा." का वगळू? ज्या गोष्टीवरून मला वेडा ठरवायचं चाललं आहे, तीच वगळू? कोर्टात ती पुतण्या कल्याणच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या हातची वाचलेली बरी.

१. माझ्यामागे कोण, ते आधी. माझी पत्नी पुष्पावती वारली. मूलबाळ झालं नाही. रक्ताच्या नात्यात वारलेल्या थोरल्या भावाचा मुलगा कल्याण. तो वरच्या मजल्यावर राहतो आणि खोलीत असो नसो, पंखा चालू ठेवतो. दुसरी सुकन्या, पुष्पावतीच्या धाकट्या बहिणीची मुलगी, मूळची राजूरची. मृत्युपत्र नसेल, किंवा असूनही कोर्टाने ते वेड्याचं म्हणून बाजूला सारलं, तर घर, दुकान सगळं कल्याणला जातं आणि सुकन्या पिशवी घेऊन रस्त्यावर येते. हे मी वकीलसाहेबांकडून नीट समजून घेतलेलं आहे, आणि तेव्हापासून मला झोप नाही.

२. भिंगारमधलं घर, म्हणजे खाली दुकान आणि मागची खोली, वर दोन खोल्या आणि गच्ची, हे मी स्वकष्टाने बांधलं. यात वडिलोपार्जित एक वीटही नाही. हे सगळं मी सुकन्याला देतो. ती कॉलेजसाठी आमच्याकडे आली, डिग्री झाली, नोकरी लागली नाही. एकदा मी तापाने पडलो असताना तिने मला न विचारता गिऱ्हाइकाच्या फ्रेमा करून दिल्या. कोपरे माझ्यापेक्षा बरोबर जुळले होते, याचा मला फार राग आला होता. आज दुकान तीच चालवते. मी फक्त स्टुलावर बसून चुका काढतो आणि चुका सापडत नाहीत.

कल्याण म्हणतो, "काका, ती बाहेरची हाय." बाहेरची! पुष्पावतीच्या शेवटच्या दुखण्यात तिला उठवून बसवणारी, वेणी घालणारी, ती बाहेरची. आणि वर पंख्याखाली लोळणारा घरचा.

३. काच कापायची हिरकणी, कोपरे कापायची करवत आणि तिचा साचा, हातोड्या, सगळी हत्यारं सुकन्याला. हिरकणी कोणाला उसनी देऊ नये. समोरच्या चहाच्या टपरीवाल्या गोरक्षनाथला तर मुळीच नाही. त्याने ती एकदा फरशी कापायला नेली होती. फरशी! माणूस चांगला आहे, म्हणून साक्षीदार केला आहे, पण हिरकणी देऊ नये.

४. दुकानाची पुढची जागा सुकन्याची, पण गुरुवारी संध्याकाळी ती जागा 'ओळखा'ची. ही अट आहे, इच्छा नव्हे.

'ओळखा' म्हणजे काय हे कोर्टाला माहीत नसणार. तरुणपणी मी आणि माझा मित्र बाबाजान शेख दर रविवारी सकाळी कॅम्पातल्या थिएटरात जुने हॉलिवूडचे सिनेमे बघायचो. लष्करातल्या साहेबलोकांसाठी ते लागायचे आणि पुढच्या बाकांवर आम्हाला घ्यायचे. बहुतेक काळे-पांढरे, काही तर आमच्या जन्माआधीचे. इंग्रजी आम्हाला ओ का ठो कळत नव्हतं. नावांची पाटी वाचून होण्याआधी निघून जायची. त्यामुळे नटनट्यांना नावं आम्हीच ठेवली. एक भुवई चढवून बोलायचा तो भुवईवाला. सदा रुसलेली ती फुगरी. कोणाच्याही घरी जाऊन टेबलावर पाय टाकून बसायचा तो जावईबापू. घरी आलो की मी पुष्पावतीला सगळी गोष्ट साग्रसंगीत सांगायचो. तिने जन्मात एकही इंग्रजी सिनेमा पाहिला नाही, आणि 'ओळखा'मध्ये तिला आम्ही कोणी हरवू शकलो नाही. आम्ही इथे डोकं खाजवत बसलेले आणि ही आतून भाकरी थापता थापता ओरडायची, "अहो, जावईबापू! जहाज बुडतं तो!"

नियम असे. ज्याची पाळी त्याने एक नट किंवा सिनेमा मनात धरायचा आणि एकेक खूण सांगायची. किती खुणांत ओळखणार याची आधी बोली लागते, ती टॉवेलखाली. बाबाजान म्हशींचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात व्यापारी टॉवेलखाली एकमेकांची बोटं दाबून भाव करतात, शेजारच्याला पत्ता लागत नाही. तीच रीत त्याने आमच्या खेळात आणली. जो कमी बोटं दाबेल, उत्तराचा हक्क त्याचा. बाबाजान नेहमी एकच बोट दाबतो, येत असो वा नसो. हरला की म्हणतो, "टावेल जाड हाय सहादेव, तुला नीट लागलं न्हाई." मोबाईल काचेच्या तुकड्यांच्या डब्यात पालथे ठेवायचे. "मला वाटतं" म्हणून दिलेलं उत्तर बाद. हरेल त्याने कप विसळायचे.

एकदा कल्याण आमच्यात बसला. मोबाईलमधून प्रश्न वाचायला लागला: अमुक सिनेमाला बक्षिसं किती, तमुक नटीची लग्नं किती, कोणत्या साली काय. आम्हाला एकही आलं नाही. तो खदाखदा हसला. अरे, सिनेमात कोण कशाने रडलं ते विचार ना. लग्नं किती ते तिच्या सासूला विचार! तेव्हापासून कल्याणला खेळात बंदी आहे आणि ती माझ्यामागेही चालू राहील.

५. आता जुळा भाऊ.

तो तलवारीचा सिनेमा होता. भुवईवाला नायक, काळा सदरा, समुद्राकाठी किल्ला. त्याच्या डाव्या दंडाला जखम होते, तिच्यावर रुमाल बांधला जातो. (कोणी बांधला ते मी पाहिलं नाही. माझी चप्पल बाकाखाली गेली होती, ती मी पायाने शोधत होतो.) मग जिन्यावर लढाई होते आणि भुवईवाला मरतो. फुगरीच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून, रीतसर मरतो. थिएटरात नाकं ओढल्याचा आवाज. आणि पुढच्याच क्षणी तोच भुवईवाला एका खिडकीत बसून कोंबडीची तंगडी खातोय!

सगळे चक्रावले. आणि दंडाला रुमाल नाही, जखम नाही, सदरा धड. तेव्हा माझ्या शेजारून एक माणूस उभा राहिला आणि पडद्याकडे हात करून ओरडला, "आरं, हा जुळा भाऊ हाय!" सगळं थिएटर हुश्श झालं. बरोबरच होतं. एक भाऊ मेला, दुसरा आला. पुढे दुसऱ्या भावाने सूड घेतला, फुगरीला घोड्यावर घातलं आणि सिनेमा संपला. टाळ्या पडल्या. ओरडणारा तो माणूस म्हणजे बाबाजान शेख. जुळा भाऊ या माणसाने जन्माला घातला, आणि मी त्याचा साक्षीदार आहे.

घरी येऊन पुष्पावतीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या बाईला कळलं का हो, हा दुसरा हाय म्हणून? का ती त्यालाच पहिला समजून गेली घोड्यावर?"

मी तो गुरुवारी बाबाजानपुढे ठेवला. हा प्रश्न आमच्या खेळातला शेवटचा प्रश्न झाला. दर गुरुवारी उठायच्या आधी कोणीतरी विचारायचं, आणि एरवी एका बोटावर बोली लावणारा बाबाजान या प्रश्नाला टॉवेल झटकून उठायचा. "पुढच्या गुरुवारी बघू." मी बाजू बदलत राहिलो. कधी म्हणायचो कळलं, कधी म्हणायचो नाही. पुष्पावती आतून ऐकायची आणि हसायची. तिचं हसणं मला तेव्हा फार लागायचं. आता ते ऐकायला मिळत नाही, हे जास्त लागतं.

६. मागच्या दिवाळीत कल्याणने तो सिनेमा मोबाईलवर शोधून काढला. कौतुकाने नव्हे. माझ्यापुढे फोन धरला आणि शेवटापर्यंत बघायला लावला. त्यात भुवईवाला आधी तंगडी खातो, मग जखमी होतो, मग मरतो. फुगरी रडते आणि संपतं. घोडा मधेच कुठेतरी. जुळा भाऊ नाही.

मी म्हणालो, "यात कापाकापी केलीय." कल्याण म्हणाला, "काका, तुमच्या डोक्यात कापाकापी झालीय." गोरक्षनाथचं म्हणणं, त्या दिवशी थिएटरवाल्याने रिळं मागंपुढं लावली असतील, शेवटचं आधी आणि मधलं नंतर. असेल! मी काय ऑपरेटरच्या खोलीत बसलो होतो? मी जे पाहिलं ते पाहिलं. आमच्या नगरात त्या रविवारी भुवईवाल्याला जुळा भाऊ होता, तो जिवंत राहिला, आणि फुगरी एकटी पडली नाही. मोबाईलवाल्यांच्या गावात तो मेला असेल तर त्यांचं त्यांच्यापाशी.

पण कल्याणने तेवढ्यावर सोडलं नाही. गल्लीत सांगत सुटला की काकांना नसलेली माणसं दिसतात. मग फार माया असल्यासारखं मला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वार विचारला, सांगितला. पेन दाखवून हे काय विचारलं. मी म्हणालो, "तुमचं आहे, तुम्हाला माहीत नाही?" तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, ठेवले. मग विचारलं, "आजोबा, कधी नसलेली माणसं दिसतात का?" मी खरं बोलणारा माणूस. म्हणालो, "एकच. पण तो सिनेमात होता." कल्याणने डॉक्टरांकडे असं पाहिलं, जणू त्याला लॉटरी लागली. डॉक्टरांनी दाखला दिला नाही. काही महिने लक्ष ठेवा, पुन्हा आणा, असं लिहून दिलं. तो कागद कल्याणने जपून ठेवला आहे. माझ्या औषधाची चिठ्ठी हा कधी अशी जपत नाही.

काल संक्रांतीला खाली आला, हातावर तिळगूळ ठेवला, गोड बोला म्हणाला आणि दुसऱ्या हाताने एक टाईप केलेला कागद पुढे केला. घराचा कारभार कल्याणने बघावा, काकांना झेपत नाही, असा मजकूर. मी तिळगूळ खाल्ला. कागदावर सही केली नाही. म्हणून आज हे लिहायला बसलो.

७. आता ज्याचा सगळ्यात जास्त राग आहे, त्याच्याबद्दल. तो कल्याण नव्हे. कल्याणकडून माझी अपेक्षाच नव्हती.

डॉक्टरांकडून आल्यानंतरच्या गुरुवारी बाबाजान आला होता, सोबत त्याचा नातू रमीज. रमीज पुण्यात नोकरीला आहे, हुशार मुलगा. कल्याण खाली उतरला, डब्यातला मोबाईल उचलला (नियमभंग!) आणि सगळ्यांसमोर तो सिनेमा लावला. रमीज हसायला लागला. म्हणाला, "दादाजान, ह्याच्यात जुळा भाऊ कुठून आला? तुम्हीपण मानत होते का हे?" कल्याणने लगेच विचारलं, "चाचा, तुमी हुता ना काकांबरोबर? सांगा, हुता का जुळा भाऊ?"

बाबाजानने नातवाकडे पाहिलं. मग टॉवेलची घडी घातली. आणि म्हणाला, "न्हाई बाबा. मला न्हाई आठवत असलं काय."

न्हाई आठवत! ज्याने तो भाऊ काढला, त्याला आठवत नाही! ज्याला म्हशीच्या कपाळावरचा ठिपका वीस वर्षांनी आठवतो, त्याला! मी तिथल्या तिथे खेळ बंद केला आणि त्याची खुर्ची मिटून भिंतीला लावली. तेव्हापासून ती तशीच आहे. गुरुवारी मी आणि गोरक्षनाथ दोघेच बसतो. गोरक्षनाथने हे सिनेमे टीव्हीवर पाहिलेत. तो नटांची खरी नावं सांगतो आणि खेळाची माती करतो.

बाबाजानच्या त्या बोलण्याचं मला वाईट वाटलं. खरं सांगायचं तर पुष्पावती गेल्यानंतर एवढं वाईट मला कशाचंच वाटलं नव्हतं.

८. वकीलसाहेबांचं म्हणणं असं की डॉक्टरांचा दाखला नसला, तर साक्षीदार तरी पक्के हवेत. मला जुने ओळखणारे, माझं डोकं आधी कसं होतं आणि आता कसं आहे हे शपथेवर सांगू शकणारे. त्या रविवारी माझ्या शेजारी बसलेला एकच माणूस आज हयात आहे. त्याला बोलवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. सुकन्या मला न विचारता गेली. या मुलीची ही न विचारता करायची खोड जुनी आहे. तिने सांगितलं, तो दारातच म्हणाला, "कधी यायचं?" बाकी काही विचारलं नाही.

हे लिहितो आहे तेव्हा तो समोर बसलेला आहे. रमीज त्याला स्कूटरवरून घेऊन आला, तोही दारात उभा आहे. कल्याण जिन्यात आहे, दिसत नाही, पण चपलांचा आवाज येतो. बाबाजान छताकडे बघतोय. मी त्याला काय लिही, काय लिहू नको, हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तो पुन्हा "न्हाई आठवत" म्हणाला तर कल्याणचं काम झालं, आणि सुकन्याने पिशवी भरावी. मी म्हाताऱ्याची लाचारी करणार नाही.

आणखी एक. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही ठेवू नये, नंतर कटकट होते, असं वकीलसाहेब म्हणतात. म्हणून बाबाजान, तुला मी काही देत नाही. जावईबापूचा तो मोठा फोटो तुला द्यायचा होता, ज्याच्यावर तुझा डोळा आहे. आता तो भिंतीवरच राहील. बघायचा असेल तर गुरुवारी यावं लागेल.

९. कल्याणच्या तोंडाला पानं पुसली असं कोणी म्हणू नये. घरामागची मोकळी जागा, जिथे तो गाडी लावतो, ती त्याला देतो. त्याच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या भावाचा फोटो मी सागवानी फ्रेममध्ये करून ठेवला आहे, तोही. माझ्यामागे एक वर्ष त्याला वरच्या मजल्यावर राहू द्यावं. पंख्याचं बिल त्याने भरावं. मला ताप आला होता तेव्हा त्याने रिक्षा आणली होती, हे मी विसरलेलो नाही. सगळं आठवतं मला, हेच तर सांगतोय.

१०. बँकेत आणि पतसंस्थेत जे काही असेल ते सुकन्याला. त्यातून माझं शेवटचं करावं, साधं. माझ्या फोटोला सोनेरी फ्रेम लावू नये. आयुष्यभर मेलेल्या माणसांना मी सोनेरी फ्रेमा लावल्या, कारण घरच्यांना त्याच आवडतात. त्यात सगळे एकसारखे दिसतात, एकाची भुवई दुसऱ्यापासून ओळखू येत नाही. मला काळी बारीक फ्रेम, साधी काच. पुष्पावतीच्या शेजारी लावावा, थोडा खाली, म्हणजे ती माझ्याकडे बघून हसतेय असं वाटेल.

११. हे माझं पहिलं आणि शेवटचं मृत्युपत्र. वाचून पाहिलं. शाई माझी, अक्षर माझं, राग माझा. अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी आणि जुळ्या भावाच्या उल्लेखाला पुन्हा हात जोडू नयेत.

सहादेव अंगद निमसे (सही)

साक्षीदार पहिला:
सहादेवभाऊंनी माझ्यादेखत सही केली. डोकं चांगलं चालतंय, सकाळपासून चहात साखर कमी म्हणून दोनदा माघारी पाठवलाय. हिरकणी मी पुन्हा मागणार नाही.
गोरक्षनाथ हनुमंत बेरड (सही)

साक्षीदार दुसरा, त्याच्याच हातचं:
मी बाबाजान इमाम शेख, राहनार भिंगार. सहादेवनं माझ्यासमोर सही केली. त्याचं डोकं जसं हुतं तसंच हाय, कुरकुर पन जाग्यावर. रमीज माझ्या खांद्यावरून वाचतोय, वाचू दे. जुळा भाऊ हुता. मीच वरडलो हुतो, सगळ्या थेटरानं ऐकलं. त्या दिवशी नातवासमोर मला लाज वाटली म्हनून खोटं बोललो. आज लिवतो ते खरं, कोर्टात पन हेच सांगीन. अन वहिनीच्या त्या सवालाचं उत्तर: फुगरीला कळलं हुतं. दंडाला रुमाल तिनंच बांधला हुता, सहादेव चप्पल शोधत हुता तवा. दुसऱ्याच्या दंडाला रुमाल न्हाई हे तिनं बघितलं, अन तरी घोड्यावर बसली. पुष्पावहिनीला हे मी लई आधी सांगितलं हुतं. त्या म्हनल्या, भाऊजी, ह्यांना सांगू नका, न्हायतर गुरुवार बंद पडंल.
बाबाजान इमाम शेख (सही)

ठिकाण: भिंगार, अहिल्यानगर
दिनांक: १५ जानेवारी २०२६, गुरुवार